नाव, टोपणनाव आणि अध्ययन : महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातील काही नोंदी
(सोलापूरच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक :

शिक्षणाचा इतिहास लिहिताना संस्थांची स्थापना, अभ्यासक्रमातील बदल, अनुदाने, परीक्षा आणि चळवळी यांची दखल घेतली जाते. वर्गात विद्यार्थ्याला कोणत्या नावाने हाक मारली जात होती, सोबत्यांनी त्याला कोणते नाव ठेवले होते आणि विद्यार्थी आपसांत शिक्षकांचा उल्लेख कसा करीत होते, या गोष्टी मात्र गमतीच्या आठवणी म्हणून स्नेहसंमेलनाच्या भाषणापुरत्या उरतात. वस्तुतः या आठवणींत वर्गाचा खरा इतिहास दडलेला असतो. अध्ययनासाठी विद्यार्थ्याला वर्गात तोंड उघडावे लागते. शंका विचारावी लागते, चुकीचे उत्तर देण्याचा धोका पत्करावा लागतो. ज्याला उभे राहताच मागच्या बाकावरून एखादे टोपणनाव ऐकू येते, तो पुढच्या वेळी उभा राहण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो. म्हणूनच टोपणनावाचा प्रश्न हा शिस्तीइतकाच अध्ययनाचाही प्रश्न आहे.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) मराठी भाषेतील नाव व टोपणनाव यांविषयीच्या संकेतांचा विचार करणे.
२) महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातील काही प्रसिद्ध उदाहरणांच्या आधारे नाव आणि अध्ययन यांचा संबंध तपासणे.
३) सोलापूरसारख्या बहुभाषिक शहरातील महाविद्यालयीन अध्यापकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ स्पष्ट करणे.

मराठीतील नामसंकेत :

मराठी घरातील मुलाला अनेक नावे असतात. पाळण्यातले नाव, हाक मारण्याचे नाव, लाडाचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव ही एकच असतील असे नाही. यांशिवाय गावाने किंवा सोबत्यांनी दिलेले नाव असते, त्यालाच आपण सामान्यतः टोपणनाव म्हणतो. लेखकाने स्वतः घेतलेल्या नावालाही मराठीत 'टोपणनाव' हाच शब्द रूढ आहे. म्हणजे एकाच शब्दाने स्वतः घेतलेले आणि दुसऱ्याने लादलेले अशा दोन्ही नावांचा बोध होतो. ही संदिग्धता या विषयाच्या मुळाशी आहे.

आपल्या वाक्प्रचारांतही ती दिसते. मूल जन्मल्यावर आपण त्याचे 'नाव ठेवतो', तर कोणाची निंदा करायची असेल तेव्हा त्याला 'नावे ठेवतो'. दोहोंत अंतर एका मात्रेचे आहे. मुलाने घराण्याचे 'नाव काढावे' अशी अपेक्षा असते आणि ती पुरी झाली नाही तर त्याने 'नाव घालवले' असे म्हटले जाते. नाव ही प्रतिष्ठेची ठेव आहे, ही समजूत या सर्व प्रयोगांमागे आहे.

नावाला जोडल्या जाणाऱ्या प्रत्ययांतूनही सामाजिक दर्जा व्यक्त होत आला आहे. राव, पंत, जी, बा हे आदराचे प्रत्यय होत. उलट 'या' लावून केलेली रूपे, म्हणजे प्रकाशचा पक्या, सुरेशचा सुऱ्या, दिलीपचा दिल्या, ही प्रसंगानुसार जवळीक किंवा तुच्छता दर्शवितात. बालमित्राने 'पक्या' म्हटले तर त्यात जिव्हाळा असतो, तेच वरिष्ठाने चारचौघांत म्हटले तर तो अपमान ठरतो. रूप तेच असते, अर्थ मात्र नात्यावरून ठरतो. दगडू, धोंडू, कचरू, केरू यांसारखी नावेही या दृष्टीने लक्षात घ्यावी लागतात. आधीची मुले दगावली असता पुढचे मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये, या भावनेने अशी नावे ठेवण्याची प्रथा अनेक समाजांत होती. आईने जिवाच्या आकांताने ठेवलेले हे नाव घेऊन मुलगा शहरातील महाविद्यालयात येतो तेव्हा तेच नाव हशाचा विषय होते. नाव ठेवणाऱ्या आईची भीती त्या हशात कोणाच्या ध्यानी येत नाही.

विद्यार्थ्यांच्या वर्गवारीसाठी मराठीत वापरला जाणारा 'ढ' हा शब्दही असाच उद्बोधक आहे. अशोककालीन ब्राह्मी लिपीतील 'ढ' हे अक्षर आजच्या देवनागरी 'ढ'शी विलक्षण जुळते. इतर अक्षरे काळानुसार बदलली, 'ढ' मात्र होते तेथेच राहिले, म्हणून ज्याच्यात प्रगती नाही तो 'ढ', अशी या शब्दाची उपपत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, तिच्यातील गृहीतक महत्त्वाचे आहे. एकदा 'ढ' ठरलेला विद्यार्थी बदलणारच नाही, असे ते गृहीतक आहे. नावाचे शिक्क्यात रूपांतर होते ते येथे.

सहाध्यायांनी दिलेले नाव : डेक्कन कॉलेज

महाविद्यालयीन टोपणनावाचे महाराष्ट्रातील एक प्रसिद्ध उदाहरण लोकमान्य टिळकांचे आहे. टिळकांचे मूळ नाव केशव. 'बाळ' हे घरातले लाडाचे नाव. हे घरगुती नावच पुढे दाखल्यावर, पदवीवर आणि देशाच्या इतिहासात कायम झाले. १८७२ मध्ये प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तेथील सोबत्यांनी त्यांना 'मिस्टर ब्लंट' आणि 'डेव्हिल' अशी दोन नावे दिल्याचे चरित्रकार सांगतात. पहिले त्यांच्या फटकळ स्पष्टवक्तेपणावरून, तर दुसरे वसतिगृहातील त्यांच्या दांडगाईवरून पडले.

या नावांचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. ती इंग्रजी आहेत. इंग्रजी शिक्षणाने मराठी तरुणांना जे नवे जग दिले त्या जगाच्या भाषेत ते एकमेकांना चिडवू लागले होते. दुसरे असे की, ही नावे वर्तनावरून पडलेली आहेत. जात, गाव, रंग किंवा दारिद्र्य यांचा त्यांत निर्देश नाही. ती ठेवणारे आणि धारण करणारा हे बरोबरीचे होते. टिळकांना या नावांनी गप्प केले नाही, कारण त्या वर्गात बसण्याचा त्यांचा अधिकार कोणीही नाकारलेला नव्हता. ज्याचे स्थान निश्चित आहे त्याला टोपणनाव फारसे बोचत नाही, उलट ते त्याची ओळख ठसठशीत करते. मात्र टिळकांच्या उदाहरणावरून 'टोपणनावात वाईट ते काय?' असा सर्वसाधारण निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. तो अधिकार ज्याला जन्मानेच नाकारला गेला त्याच्या बाबतीत काय घडले, हे पाहिले पाहिजे.

नोंदवहीतील नाव : सातारा, १९००

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाने प्रवेश घेतला. नोंदवहीत १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' असे नाव आढळते. शाळाप्रवेशाचा हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. कुटुंबाचे मूळ आडनाव सकपाळ, गाव आंबडवे. गावाच्या नावावरून आलेल्या आडनावाचे 'आंबेडकर' हे रूप कसे झाले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आंबेडकर आडनावाच्या एका शिक्षकाने या मुलावर माया केली, ही आठवण चरित्रग्रंथांतून प्रसिद्ध आहे.

'भिवा' हे घरातले, हाकेचे नाव होते. ते नोंदवहीत आले आणि त्याने शाळेचे दार उघडले. परंतु वर्गात त्या नावाच्या मुलाला इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शिपायाने नळ सोडल्याखेरीज त्याला पाणी पिता येत नसे. पुढे मुंबईस हायस्कुलात शिकताना संस्कृत विषय घेण्याची त्याची इच्छाही डावलली गेली व त्याला फारसी घ्यावी लागली. म्हणजे नाव पटावर होते, मात्र वर्गाने त्या नावाच्या विद्यार्थ्याला सामावून घेतले नव्हते. पटावरील नोंद आणि वर्गातील स्वीकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणाइतके स्पष्टपणे दुसरे क्वचितच सांगत असेल.

त्याच विद्यार्थ्याच्या आयुष्यात कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्यासारखे शिक्षक आले. १९०७ मध्ये मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर झालेल्या सत्काराच्या प्रसंगी केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, ही घटना सर्वश्रुत आहे. भिवा, भीमराव आणि बाबासाहेब ही तीन नावे तीन नात्यांची आहेत. पहिले घराने दिले, दुसरे विद्वत्तेच्या जगाने मान्य केले आणि तिसरे लोकांनी प्रेमाने बहाल केले. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला या तीन नावांच्या क्रमात अर्ध्या शतकाची वाटचाल दिसते.

सोलापूरचे वसतिगृह आणि नात्याची नावे

डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेच्या प्रारंभीच्या कार्यांपैकी एक सोलापुरात झाले. ४ जानेवारी १९२५ रोजी येथे अस्पृश्य समाजातील माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू करण्यात आले. या वसतिगृहातील विद्यार्थी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवीत असत. ज्यांना संस्कृतचे दार बंद होते त्या समाजातील मुलांनी आपल्या मासिकाला संस्कृत विद्यादेवतेचे नाव द्यावे, यातील अर्थ सूचक आहे. इतरांनी ठेवलेली नावे ऐकत वाढलेल्या मुलांना येथे एखाद्या गोष्टीचे नाव स्वतः ठरविण्याची संधी मिळाली. अध्ययनाच्या दृष्टीने ही संधी लहान नव्हे. जो नाव देतो तो लिहूही लागतो.

याच सुमारास साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांचा प्रयोग चालू होता. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. येथील मुलांसाठी भाऊराव 'अण्णा' होते आणि लक्ष्मीबाई 'वहिनी' होत्या. मुलांच्या अन्नासाठी वहिनींनी आपले दागिने विकले. शिक्षणसंस्थेत नात्याची नावे वापरण्याची ही महाराष्ट्रीय परंपरा मोठी आहे. नात्याच्या नावात एक हक्क असतो. 'साहेब' म्हणून ज्याच्यापुढे उभे राहायचे त्याला उपाशी असल्याचे सांगता येत नाही, 'वहिनी'ला सांगता येते. अर्थात या परंपरेची दुसरी बाजूही आहे. जेथे नाते केवळ संबोधनात असते आणि व्यवहारात नसते, तेथे 'बाळा', 'बेटा' ही संबोधने विद्यार्थ्याला प्रौढ न मानण्याची सोय होऊन बसतात.

शिक्षकांना विद्यार्थ्यांनी दिलेल्या नावांचा इतिहासही याच काळातला. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले आणि १९०२ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून काम पाहू लागले. 'रँग्लर' ही परीक्षेतील श्रेणी होती, मराठी मुलखात ती व्यक्तीचे नाव झाली. पुढे गणेश सखाराम महाजनी हेही 'रँग्लर महाजनी' म्हणूनच ओळखले गेले. गणिताचे पुस्तक न उघडलेल्या घरांतही हा शब्द पोहोचला आणि मुलांच्या डोळ्यांपुढे एक शिखर उभे राहिले. आद्याक्षरांवरून शिक्षकांचा उल्लेख करण्याची पद्धत आपल्या महाविद्यालयांत आजही आहे. शिक्षकाच्या चालीवरून, लकबीवरून, एखाद्या पालुपदावरून पडणारी नावेही सर्वांना परिचित आहेत. अशा नावांतून विद्यार्थी शिक्षकाच्या सत्तेची धार थोडी बोथट करून घेतात. सत्ता शिक्षकाकडे असल्यामुळे या नावांनी शिक्षकाचे नुकसान होत नाही. उलट दिशेने, म्हणजे शिक्षकाने विद्यार्थ्याला ठेवलेल्या नावाने, मात्र होते.

सोलापूरचा अध्यापक, चीनचा 'के दिहुआ'

सोलापूरच्या संदर्भात या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण शहराबाहेर, किंबहुना देशाबाहेर घडले. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. जपानी आक्रमणाला तोंड देणाऱ्या चीनच्या मदतीसाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने जे पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात ते होते. सप्टेंबर १९३८ मध्ये पथकाने मुंबईचा किनारा सोडला. चीनमध्ये अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस या पाचही जणांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येकाच्या नावाच्या अखेरीस 'हुआ' हे अक्षर जोडले गेले. 'हुआ' म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव 'के दिहुआ' झाले.

कोटणीसांची शल्यविशारद म्हणून असलेली ख्याती आपल्याला माहीत आहे. १९४६ मधील व्ही. शांताराम यांच्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' या चित्रपटाने ती घरोघरी पोहोचविली. ते अध्यापक होते, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांचे नोव्हेंबर १९३९ मध्ये निधन झाले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या उत्तर चीनमधील वैद्यकीय विद्यालयात कोटणीस शस्त्रक्रियाशास्त्र शिकवू लागले आणि जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. शिकविण्यासाठी त्यांनी विद्यार्थ्यांची भाषा आत्मसात केली. ते चिनी भाषेत व्याख्याने देत आणि त्या भाषेत शस्त्रक्रियाशास्त्राचे पाठ्यपुस्तकही त्यांनी तयार केले. युद्धाच्या धामधुमीत हे विद्यालय खेड्यांतून चालत होते.

तेथील माणसे त्यांना 'लाओ के' म्हणत. 'लाओ' म्हणजे जुना, वडीलधारा. बरोबरीच्या व्यक्तीला आपुलकीने हाक मारताना चिनी भाषेत आडनावाआधी हा शब्द येतो. आपल्याकडील 'राव' किंवा 'अण्णा' यांच्या जवळचा हा प्रयोग म्हणता येईल. त्यांना मिळालेले दुसरे नाव अधिक लक्षणीय आहे. जखमी सैनिकांची आणि गावकऱ्यांची जी सेवा त्यांनी केली तिच्यामुळे लोक त्यांना 'हेइ मामा', म्हणजे शब्दशः 'काळी आई', म्हणू लागले.

सोलापूरच्या वाचकाला हे नाव वाचून क्षणभर थबकावेसे वाटेल. आपल्या जिल्ह्यातील शेतकरी जमिनीला 'काळी आई' म्हणतो. हा योगायोग बाजूला ठेवला तरी नावाची घडण विचार करायला लावणारी आहे. कातडीच्या रंगावरून पडलेले नाव सामान्यतः अपमानकारक असते. आपल्या वर्गांतून 'काळ्या' हे नाव किती मुलांना मुकाट्याने सोसावे लागले असेल! येथे मात्र तोच रंग 'आई' या शब्दाच्या आश्रयाला गेला आणि डंख नाहीसा झाला. याचे कारण नावाच्या शब्दांत नाही. नाव देणाऱ्यांचे आणि घेणाऱ्याचे नाते आधी कामातून जुळले होते, नाव मागाहून आले. केवळ 'कशावरून नाव पडले' एवढे पाहून त्याची बरीवाईट प्रत ठरविता येत नाही, हे यावरून ध्यानात येते.

१९४१ मध्ये कोटणीसांनी त्याच विद्यालयातील परिचर्येच्या अध्यापिका गुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव 'यिनहुआ' ठेवण्यात आले. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कोटणीसांचे निधन झाले. चीनमधील शिजियाझुआंग येथील एका वैद्यकीय विद्यालयाने 'के दिहुआ' हे नाव धारण केले आहे आणि २०२० मध्ये तेथे त्यांचा पुतळा उभारला गेला. विद्यार्थ्यांच्या भाषेत मिळालेले नाव एका अध्यापकाच्या मृत्यूनंतरही वर्गात वावरत आहे.

सोलापूरचे वर्ग

कोटणीस चीनमध्ये शिकवीत होते त्याच वर्षांत त्यांच्या जन्मगावी उच्च शिक्षणाची सोय होत होती. १९४० मध्ये सोलापुरात दयानंद महाविद्यालय सुरू झाले, १९५३ मध्ये संगमेश्वर महाविद्यालय आले. येथील महाविद्यालयांनी मुंबई, पुणे आणि १९६२ नंतर कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ असा प्रवास केला. १ ऑगस्ट २००४ रोजी एका जिल्ह्यापुरते सोलापूर विद्यापीठ अस्तित्वात आले. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठाला कोणाचे नाव असावे, यासाठी माणसे वर्षानुवर्षे आग्रह धरतात. विद्यापीठाच्या नावाची आपल्याला जेवढी काळजी वाटते, तेवढीच त्यातील विद्यार्थ्याच्या नावाची वाटते काय, असा प्रश्न येथे विचारणे अप्रस्तुत होणार नाही.

सोलापूरच्या वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतील मुले एकत्र बसतात. नामपद्धतीही वेगवेगळ्या आहेत. तेलुगू रिवाजात घराण्याचे नाव आधी आणि व्यक्तीचे नाव नंतर येते, मराठी रिवाजात क्रम उलट असतो. त्यात अर्जावर पुन्हा आडनाव प्रथम लिहावयाचे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर भागातून येणाऱ्या कन्नड घरांतील नावांना 'अप्पा' जोडलेला असतो. उर्दू नावांतील काही ध्वनी मराठी जिभेला सहज साधत नाहीत. हजेरी घेताना अध्यापक अडखळतो, वर्ग हसतो आणि त्या एका क्षणात नवे टोपणनाव जन्माला येते. पुढील तीन वर्षे तेच टिकते. विद्यार्थी घरी एका भाषेत, वर्गात दुसऱ्या भाषेत आणि पुस्तकात तिसऱ्या भाषेत वावरत असतो. त्याच्याजवळ तिन्ही ठिकाणी सोबत राहणारी एकच गोष्ट असते आणि ती म्हणजे त्याचे नाव. तेच मोडून-वाकवून परत मिळाले तर त्याने कोणत्या बळावर प्रश्न विचारावा?

पटसंख्या वाढली तसे नाव मागे पडून हजेरी क्रमांक पुढे आला. 'सत्तेचाळीस' म्हटले की 'यस सर' असे उत्तर येते. क्रमांकात अपमान नाही हे खरे, पण त्यात ओळखही नाही. येथे पाश्चात्त्य संशोधनातील दोन निष्कर्ष उपयुक्त ठरतात. १९६८ मध्ये रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी अमेरिकेतील एका प्राथमिक शाळेतील प्रयोग प्रसिद्ध केला. केवळ चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली काही मुले लवकरच चमकणार आहेत असे शिक्षकांना सांगितले गेले. वर्षअखेरीस, विशेषतः सर्वांत लहान इयत्तांत, त्या मुलांची प्रगती अधिक आढळली. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली व परिणामाच्या प्रमाणाविषयी वाद राहिला. तरी शिक्षकाने मनात धरलेले नाव विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते, हा मुद्दा शिक्षणशास्त्राला त्यानंतर टाळता आला नाही. 'ढ' आणि 'हुशार' ही आपली दोन नावे याच कसोटीवर तपासावी लागतील.

दुसरा अभ्यास २०१७ मधील आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठात जीवशास्त्राच्या मोठ्या वर्गात प्रत्येक विद्यार्थ्यापुढे त्याच्या नावाचे घडीचे कार्ड ठेवण्यात आले. सत्राअखेरीस ७८ टक्के विद्यार्थ्यांना शिक्षकांना आपले नाव माहीत आहे असे वाटत होते. प्रत्यक्षात शिक्षकांना सुमारे ५३ टक्के नावेच पाठ होती. शिक्षक नाव घेण्याचा प्रामाणिक प्रयत्न करीत आहे, एवढे दिसले तरी विद्यार्थी आपल्याला वर्गाचा घटक मानू लागतो, असा याचा अर्थ होतो. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात हे शक्य नाही, असे म्हणणाऱ्या आपणा अध्यापकांसाठी पुठ्ठ्याच्या तुकड्याचा हा उपाय विचारात घेण्याजोगा आहे.

कायद्याची चौकट

टोपणनावाच्या प्रश्नाची दखल कायद्यानेही घेतली आहे. महाराष्ट्रात रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा १९९९ मध्ये झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये याविषयी विनियम केले. त्यांत शब्दांनी चिडविणे व अवमानित करणे यांचाही समावेश आहे. २०१६ च्या दुरुस्तीने रंग, वंश, धर्म, जात, लिंग, रूप, प्रादेशिक मूळ, भाषिक ओळख, जन्मस्थान, निवासस्थान आणि आर्थिक पार्श्वभूमी यांवरून होणारा शारीरिक वा मानसिक छळ रॅगिंगमध्ये गणला गेला. ही यादी वाचली की आपल्या वसतिगृहांतील बहुसंख्य टोपणनावांचे वर्गीकरणच वाचल्यासारखे वाटते. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने जातिवाचक शिवीगाळीचा स्पष्ट निर्देश झाला. परंतु कायदा तक्रारीनंतर हालतो, आणि टोपणनाव सोसणारा विद्यार्थी सहसा तक्रार करीत नाही. तो हसण्यात सामील होतो, कारण हसले नाही तर नाव अधिक घट्ट चिकटते. म्हणून कायद्याच्या अलीकडचे काम अध्यापकालाच करावे लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) टोपणनावाचा परिणाम नावाच्या शब्दांवरून ठरत नाही. नाव देणारा आणि घेणारा यांच्या नात्यावरून व वर्गातील स्थानावरून तो ठरतो. 'डेव्हिल' म्हटलेला विद्यार्थी निर्धास्त राहू शकतो आणि आईने ठेवलेल्या नावाचा विद्यार्थी लाजेने गप्प बसू शकतो.

२) पटावरील नोंद म्हणजे वर्गातील स्वीकार नव्हे. १९०० मधील साताऱ्याची नोंदवही हे सांगते. प्रवेशाची आकडेवारी वाढली तरी दुसरा प्रश्न शिल्लक राहतो.

३) ज्या नावामागे सहवास, सेवा आणि विद्यार्थ्याची भाषा शिकण्याची तयारी असते ते नाव अध्ययनाला पोषक ठरते. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांना मिळालेली नावे याचा पुरावा होत.

४) अध्यापकाने विद्यार्थ्याला टोपणनाव देण्याचे टाळावे. सत्ता एकाच बाजूला असल्यामुळे हे नाव नाकारण्याची मुभा विद्यार्थ्याला नसते.

५) बहुभाषिक वर्गात पहिल्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याला 'तुझे नाव कसे उच्चारायचे आणि तुला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल?' एवढे विचारणे हा अध्यापनाचाच भाग मानला जावा. त्यासाठी अनुदान लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही.

सत्राच्या आरंभी हजेरीपट हाती येतो तेव्हा त्यातील नावे आपल्याला केवळ क्रमाने वाचून दाखवायची असतात. परंतु त्या प्रत्येक नावामागे ते ठेवणारे कोणीतरी आहे आणि ते नाव काढावे अशी आशा धरून बसलेले घर आहे. ते नाव नीट उच्चारणे, एवढ्याने विद्यार्थी विद्वान होणार नाही. पण पुढच्या तासाला त्याने हात वर केला, तर त्याचे एक कारण कदाचित हेही असेल.